ओंटारिओत चांदमारी: लायसन्सपासून लिव्हर-ॲक्शनपर्यंत

आधीच सांगून टाकतो, भारतात बंदुकीचं लायसन्स कसं काढायचं याच्याशी या लेखाचा काही संबंध नाही. तिथला १९५९ चा शस्त्र कायदा वेगळा, तिथली कारणं वेगळी. मी लिहितोय ते कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताबद्दल, आणि तेही शिकारीबद्दल नाही. कागदावर आणि लोखंडी पाट्यांवर नेम धरायचा छंद, एवढाच विषय. इंग्रजीत यावर ढिगानं मजकूर आहे, पण तो बहुतेक लहानपणापासून वडिलांबरोबर हरणाच्या मागे हिंडलेल्या लोकांनी लिहिलेला. ज्याच्या सात पिढ्यांत कुणी बंदूक घेतली नाही, अशा माणसानं सुरुवात कुठून करायची ते त्यात सापडत नाही. म्हणून हे.

माझा बंदुकीशी संबंध कॉलेजातल्या एनसीसीपुरता. पोटावर झोपून, पंचवीस यार्डांवर, .२२ ची (नळीचा व्यास इंचाच्या बावीस शतांश) बोल्ट-ॲक्शन रायफल आणि हातावर मोजून दिलेल्या गोळ्या. मी डावखुरा. बोल्टचा दांडा असतो उजवीकडे, त्यामुळे प्रत्येक गोळीनंतर डावा हात रायफलीवरून पलीकडे नेऊन तो ओढायचा, आणि तेवढ्यात धरलेला नेम मोडायचा. उस्ताद मागून ओरडायचे, ‘सीधे हाथ से पकड!’ पुढे ते सगळं मागे पडलं. मग १ ऑगस्ट २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं. इथे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती, सकाळी उठून पाहिलं. त्याचीही रायफल .२२ चीच असते. माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला तो तेव्हापासून.

कॅनडात साध्या नागरिकाला काय घेता येतं, हे आधी समजून घ्यावं लागतं. पिस्तूल, रिव्हॉल्व्हर विसरा. २१ ऑक्टोबर २०२२ पासून त्यांची खरेदी-विक्री सामान्य माणसासाठी गोठवलेली आहे. मे २०२० मध्ये लष्करी धाटणीच्या सुमारे दीड हजार मॉडेलांवर बंदी आली, डिसेंबर २०२४ मध्ये आणखी ३२४ वर. उरतात त्या बोल्ट, पंप (नळीखालची मूठ मागे-पुढे सरकवायची), लिव्हर आणि काही थोड्या सेमी-ऑटोमॅटिक (पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या). यातली लिव्हर-ॲक्शन म्हणजे ट्रिगरभोवतीची कडी खाली ढकलायची आणि परत वर घ्यायची. रिकामी पुंगळी बाहेर पडते, नवी गोळी नळीत जाते. कडी मधोमध असते, त्यामुळे डावा-उजवा भेद जवळपास राहत नाही. माझ्या दृष्टीनं निम्मा निकाल तिथेच लागला होता.

पण रायफल बघण्याआधी लायसन्स. इथे त्याला सगळे ‘पाल’ (PAL, पझेशन अँड ॲक्विझिशन लायसन्स) म्हणतात. त्यासाठी आधी सरकारमान्य सुरक्षा कोर्स आणि दोन परीक्षा, एक लेखी आणि एक प्रात्यक्षिक. दोन्हीत किमान ८० टक्के लागतात. मी सप्टेंबरमध्ये एका शनिवारचा कोर्स घेतला. फी परीक्षेसकट दोनशे डॉलरच्या आसपास गेली. शिक्षकागणिक ती बदलते, तेव्हा दोन-चार ठिकाणी विचारा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वर्ग भरलेले असतात, कारण नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीचा हंगाम. घाई नसेल तर जानेवारीनंतर बघा.

वर्गात एकही खरी गोळी नसते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. सगळी डमी काडतुसं. दिवसभर एकच गोष्ट घोकून घेतात: कुठलीही बंदूक भरलेलीच आहे असं धरा, तोंड सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरपासून लांब, आणि रिकामी आहे हे स्वतः तपासून सिद्ध करा. प्रात्यक्षिकात टेबलावर वेगवेगळ्या पद्धतीच्या बंदुका मांडलेल्या असतात. उचला, तपासा, नळीवर कोरलेलं वाचून त्याला जुळणारं काडतूस ढिगातून शोधा, भरा, रिकामी करा. कुंपण ओलांडताना काय करायचं तेही करून दाखवायचं. ज्ञान कमी पडलं म्हणून सहसा कुणी नापास होत नाही. बोलता बोलता शिक्षकाकडे वळतात आणि हातातल्या बंदुकीचं तोंडही त्यांच्याबरोबर वळतं, तिथे मार्क जातात. सोपा उपाय असा की आधी पाय रोवून उभं राहायचं आणि मान वळवायची, खांदे नाहीत.

लिव्हर-ॲक्शन रिकामी करणं या सगळ्यांत वेळखाऊ निघालं. गोळ्या नळीखालच्या दुसऱ्या बारीक नळीत एकामागे एक असतात. बऱ्याच मॉडेलांत त्या बाहेर काढायला कडी मारत एकेक गोळी चेंबरमधून (नळीच्या मागच्या टोकाच्या कप्प्यातून) फिरवून काढावी लागते. शिक्षक म्हणाले, ‘सगळ्या निघाल्या असं वाटलं की आणखी दोनदा कडी मारा, मग बोट घालून बघा.’ हे वाक्य पुढे रेंजवर कामाला आलं.

मग अर्ज, आरसीएमपीचा (कॅनडाच्या केंद्रीय पोलिसांचा) ५५९२ नंबरचा. फॉर्म लांबलचक नाही, पण प्रश्न घरात घुसणारे आहेत. गुन्हा, हिंसा, मानसिक आजार हे तर अपेक्षितच. त्याशिवाय, गेल्या दोन वर्षांत घटस्फोट, विभक्त होणं, नोकरी जाणं किंवा दिवाळखोरी यातलं काही झालं का, असाही एक प्रश्न आहे. माझी नोकरी २०२३ च्या शेवटी गेली होती आणि काही महिन्यांनी दुसरी मिळाली होती. आयटीतल्या निम्म्या लोकांचं तेच झालं होतं. पेन हातात धरून मी बराच वेळ त्या चौकटीकडे बघत बसलो. ‘हो’ लिहिलं तर अर्ज अडकेल, अशी भीती होती. ‘हो’च लिहिलं. सोबत एक वेगळा कागद जोडला: कधी गेली, का गेली, नवी कधी लागली, घर कसं चाललं. एवढ्याच चार ओळी. तुमच्यावर ही वेळ आली तर लपवू नका, रडगाणंही गाऊ नका. तारखा लिहा.

बायकोची सही लागते. नाही दिली म्हणून अर्ज आपोआप फेटाळला जात नाही, पण मग अधिकारी तिला स्वतः कळवतात. तिनं आधी फॉर्म पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग विचारलं, ‘किल्ली कुठे असणार?’

‘दोन येतात. एक माझ्याकडे, एक...’

‘दुसरीही तुझ्याकडेच. ती कुठे आहे हे मला माहीतसुद्धा नको. लेक उद्या मलाच विचारणार.’

मग सही केली. कायद्याच्या दृष्टीनंही तिचंच बरोबर होतं, लायसन्स तिच्याकडे नाही.

तुम्हाला किमान तीन वर्षं ओळखणारी दोन माणसं रेफरन्स म्हणून द्यावी लागतात, आणि फोटोवर सही करायला किमान एक वर्षाची ओळख असलेलं कुणीतरी. नव्यानं आलेल्यांची खरी अडचण इथे होते. मी मंडळातल्या एका मित्राला विचारलं, तर तो म्हणाला, ‘लेका, घराच्या कर्जाला जामीन मागितला असतास तर समजलो असतो!’ त्याला खरंच फोन आला. स्वभाव कसा आहे, दारू किती, घरात भांडणं होतात का. ज्यांची नावं द्याल त्यांना आधी कल्पना द्या, अनोळखी नंबरचा फोन उचलायला सांगा. फोटो पासपोर्टसारखाच, पण माप फॉर्मवर लिहिलंय तेच घ्या. आणि आपल्या नावांची ती नेहमीची गंमत: वडिलांचं नाव कुठे मधल्या रकान्यात, कुठे गायब. माझ्या ड्रायव्हिंग लायसन्सवर आहे तसंच, अक्षर न अक्षर, इथे लिहिलं. अर्जाची फी साठ-सत्तर डॉलरच्या मध्ये होती. पाकीट न्यू ब्रन्सविकमधल्या मिरामिशीला गेलं. देशभरातले अर्ज तिथेच जातात.

पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला किमान २८ दिवस थांबावंच लागतं. हे २८ म्हणजे किमान, हमी नव्हे. माझ्या बाबतीत नोव्हेंबरात एका अधिकाऱ्याचा फोन आला. नोकरीबद्दल विचारलं, घरात कोण कोण आहे विचारलं, बंदूक कशासाठी हवी ते विचारलं. आवाजात कुठेही दरडावणी नव्हती. आणि मग १५ नोव्हेंबरला टपाल कर्मचाऱ्यांचा देशभर संप सुरू झाला, तो १७ डिसेंबरपर्यंत. तिकडे अर्जाचं काय झालं असेल ते असो, कार्ड यायला रस्ताच नव्हता. दिवाळीचा फराळ संपला, नाताळ गेला, बर्फ पडला. जानेवारीत एका संध्याकाळी बिलांच्या गठ्ठ्यात ते पातळसं पाकीट निघालं. पाच वर्षांसाठी वैध.

त्या रिकाम्या काळाचा एक फायदा झाला. कार्ड ऑक्टोबरात आलं असतं तर मी धावत जाऊन विंचेस्टर ९४ घेतली असती. दिसायला इतकी देखणी दुसरी रायफल नाही, आणि कुळकथाही तशीच. जॉन ब्राउनिंगचं डिझाइन, १८९४ सालचं. वर्षभरानं तिच्याबरोबर .३०-३० हे बिनधुराच्या दारूचं काडतूस आलं. कॅनडाशी नातंही जुनं आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर पहारा देणाऱ्या पॅसिफिक कोस्ट मिलिशिया रेंजर्सना याच .३०-३० लिव्हर-ॲक्शन दिल्या होत्या. पुढे ज्या दुकानात गेलो तिथे एक तशी जुनी रायफल होती, ‘सी’ अक्षरात बाण ही कॅनडा सरकारच्या मालकीची खूण मारलेली. हात लावू दिला, विकायला नव्हती.

फेब्रुवारीत गेलो ते दुकान शहराबाहेरचं, छोटं. मालक सत्तरीचे. मी ९४ दाखवा म्हणालो तर त्यांनी ती काढलीच नाही. उलट विचारलं, ‘कुठे झाडणार? महिन्याला किती?’ मी म्हणालो क्लबमध्ये, पन्नास-शंभर यार्ड, दर शनिवारी दोनेकशे तरी. त्यांनी कागदावर हिशोब मांडला. .३०-३० ची वीस गोळ्यांची पेटी तेव्हा पंचेचाळीस-पन्नास डॉलर. .३५७ मॅग्नमची पन्नासची पेटी साधारण तेवढ्यालाच. .२२ चा पाचशेचा डबा साठच्या आसपास. म्हणजे एका शनिवारच्या दोनशे गोळ्यांना .२२ मध्ये पंचवीस डॉलर पुरतात, .३०-३० मध्ये साडेचारशेच्या वर जातात. आधी काडतूस ठरवायचं, रायफल त्यानंतर, हे मला तिथे पटलं. आम्ही नवशिके सगळे उलटं करतो.

तरी त्यांनी चार-पाच काढून दाखवल्या, आणि तासभर मी नुसता खांद्याला लावून बघत होतो. ब्राझीलची रॉसी ९२, .३५७ मध्ये. हलकी, आखूड, आणि तीतून .३८ स्पेशल हे सौम्य काडतूसही चालतं, म्हणजे धक्का कमी. कडी मात्र नवीन असताना खरखरीत लागली. मार्लिन ३३६: वरून सपाट आणि पुंगळी बाजूनं बाहेर टाकणारी, त्यामुळे दुर्बीण सरळ वर बसते. मार्लिन कंपनी मध्यंतरी रेमिंग्टनकडे होती. त्या काळातल्या मालाबद्दल लोक नाकं मुरडतात. २०२० मध्ये ती रूगरनं घेतली, आणि आताचं काम स्वच्छ दिसतं. विंचेस्टरचा न्यू हेवनचा कारखाना २००६ मध्ये बंद झाला. आताच्या ९४ जपानमध्ये मिरोकू बनवते. फिनिशिंग बघून डोळे निवतात, किंमत बघून पुन्हा ताप येतो: दोन हजार डॉलरच्या आगेमागे, वर तेरा टक्के कर.

.२२ मध्ये खरी स्पर्धा दोघींत होती. ब्राउनिंगची बीएल-२२ आणि हेन्रीची एच००१. बीएल-२२ ची कडी फक्त ३३ अंश फिरते, मनगट हललं न हललं तोवर गोळी आत. रायफल सडपातळ, मला दस्ता मात्र आखूड वाटला. हेन्रीची कडी लांब फिरते, पण लोण्यासारखी. तिचं वरचं काळं आवरण पोलादाचं नाही, मिश्रधातूवर रंग दिलेला आहे, आणि ज्यांना हे खटकतं त्यांना ते फारच खटकतं. मला खटकलं नाही. दस्ता अक्रोडाचा. .२२ एलआरच्या (लाँग रायफल, .२२ चं नेहमीचं काडतूस) पंधरा गोळ्या मावतात. वेगळं सेफ्टी बटण नाही, घोडा (ट्रिगर नव्हे, मागचा हातोडा) हातानं सावकाश अर्धवट सोडून सेफ्टी खाचेवर ठेवावा लागतो. हे करताना अंगठा ओला असू नये.

दुकानात करून बघायची एक युक्ती त्यांनी सांगितली. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेकवा, मग डोळे उघडा. पुढची-मागची साइट (नेम धरायच्या नळीवरच्या खुणा) आपोआप एका रेषेत दिसली तर ती तुमच्या अंगाची. मान वाकवावी लागली तर नाही. हेन्री बसली. मोठ्या गोल कडीचं मॉडेलही होतं. ती कडी बऱ्याच जणांना सिनेमाची हौस वाटते, पण इथल्या थंडीत जाड हातमोजा घालून झाडायचं असेल तर ती कामाची आहे. मी साधी घेतली, मोज्यातून बोटं कशीबशी जातात.

आणखी एक गोष्ट, .३०-३० किंवा .४५-७० च्या वाटेला जाणाऱ्यांसाठी. नळीत गोळ्या एकामागे एक, म्हणजे मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडावरच्या प्रायमरला (ठोका बसला की दारू पेटवणाऱ्या टिकलीला) टेकलेलं असतं. टोकदार कडक गोळी भरली आणि धक्का बसला तर नळीतच बार उडू शकतो. म्हणून या रायफलींना चपट्या किंवा गोल टोकाच्या गोळ्या, किंवा मुद्दाम यांच्यासाठी मऊ टोक बसवलेल्या. .२२ ला ही काळजी नाही, तिचा प्रायमर बुडाच्या कडेत असतो.

एप्रिलमध्ये पैसे भरले. करासकट सातशेच्या आत बसलं. मे २०२२ पासून साध्या रायफलीच्या विक्रीतही दुकानदाराला तुमचं लायसन्स पडताळून सरकारकडून संदर्भ क्रमांक घ्यावा लागतो. संगणकावर ते चहा प्यायच्या आत झालं. नोंद दुकानात वीस वर्षं राहते. गोळ्या घेतानाही कार्ड दाखवावं लागतं. लोखंडी कपाट आदल्या आठवड्यातच भिंतीला बोल्ट मारून बसवलं होतं, ते रायफलीआधीच घरात हवं. रायफल रिकामी आणि कुलपात. गोळ्यांसाठी मी वेगळी कुलपाची पेटी केली. गाडीतून नेताना रिकामी, आणि गाडी सोडून जायचं असेल तर डिकीत, बाहेरून दिसणार नाही अशी, गाडीला कुलूप.

खर्चात क्लबची फी धरायला विसरू नका. माझ्या क्लबची वर्षाची तीनशेच्या घरात, वर प्रवेश फी आणि एक सकाळ त्यांच्या नियमांचं प्रशिक्षण. काही क्लब लोखंडी पाट्यांवर फक्त .२२ चालू देतात, काहींच्या इनडोअर रेंजवर .३०-३० चालत नाही. हे रायफल घेण्याआधी विचारायचं.

रेंजवर हेन्री भरायची रीत जरा वेगळी. नळीखालची पितळी आतली नळी पिळून वर ओढायची, बाहेरच्या नळीत गोळीच्या आकाराची खाच उघडी होते, तिथून एकेक गोळी सोडायची, टोक रायफलीच्या तोंडाकडे. मग पितळी नळी खाली दाबून अडकवायची. हे सगळं रायफलीच्या तोंडाजवळ चालतं, म्हणून हात नेहमी बाजूनं, तोंडासमोरून कधीच नाही. घरी दोन-तीनदा रिकाम्या रायफलीवर सराव करून गेलो होतो, पण समोर बेंच, पाठीमागे रेंज ऑफिसर आणि एप्रिलचा वारा, तिथे बोटं आखडलीच. पहिल्या काही गोळ्यांत कडी अर्धीच मारली गेली आणि पुंगळी अडकली. शेजारचे गृहस्थ म्हणाले, ‘तिला मोडशील म्हणून घाबरू नकोस, शेवटपर्यंत मार.’ खरंच, कडी अंगठ्यानं हळूच ढकलायची नाही. खाली पूर्ण, वर पूर्ण, एका लयीत. लय लागली की मजा आहे. पाटीचा टिंग आवाज, कडी, पुन्हा टिंग.

‘सीजफायर’ ओरडल्यावर मी पितळी नळी काढून गोळ्या हातात ओतल्या. नळी रिकामी. शिक्षकाचं वाक्य आठवून दोनदा कडी मारली, तर पहिल्याच वेळी एक गोळी बाहेर आली. ती आतल्या उचलणीवर बसून होती. नळी रिकामी म्हणजे रायफल रिकामी नव्हे. घरी येताना हात साबणानं धुवा, शिशाची पूड असते, खाण्याआधी तर नक्कीच. कानाला मफ .२२ लासुद्धा.

डब्यागणिक गोळी वेगळी पडते, तेव्हा सुरुवातीला चार कंपन्यांचे छोटे डबे घ्या आणि कागदावर जिच्या छिद्रांचा घोळका लहान तिचा मोठा डबा. माझी अडचण आता चष्म्याची आहे. प्रोग्रेसिव्ह काचेतून मागची साइट दिसते तर पुढची पुसट, पुढची दिसते तर कागद गायब. वरच्या आवरणावर .२२ च्या दुर्बिणीसाठी खाच आयतीच आहे, आणि बारीक भोकातून बघायची पीप साइटही मिळते. दुर्बीण लावली की ही रायफल विचित्र दिसते, हे माझं मत, आणि डोळ्यांच्या डॉक्टरचं मत वेगळं आहे. ऑक्टोबरात नंबर तपासून घेतो, मग ठरवू.